मेंदू-संशोधनाचे खुले डेटासंच आणि आपली महाविद्यालये

चंद्रभागा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका विज्ञान महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध असतो आणि यंदा तीन विद्यार्थ्यांनी मेंदूविषयी काहीतरी करायचे ठरवले आहे. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक आहेत आणि जुना पण चालू स्थितीतला संगणक-कक्ष आहे. एमआरआय यंत्राचा प्रश्नच नाही, मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणारे साधे ईईजी यंत्रही नाही. जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी आपला डेटा सर्वांसाठी विनामूल्य खुला केला आहे, त्यावर या मुलांनी काम करावे असा माझा विचार आहे.

विभागाच्या बैठकीत मी हे मांडले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यांवर बसून केलेले काम संशोधन म्हणवून घेऊ शकत नाही, ती फार तर गणिताची उजळणी होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटलेले नाही, पण त्यांना नीट उत्तर द्यावे एवढी माहितीही माझ्यापाशी नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते की, असा डेटा कितपत विश्वासार्ह असतो, आमच्यासारख्या ठिकाणी त्यावर नेमके काय करता येईल, आणि ज्यांच्या मेंदूचा तो डेटा आहे त्या माणसांच्या बाजूने पाहिले तर तो वापरणे योग्य आहे का?

शेवंती

चंद्रभागाताई, मी बंगळूरला मेंदूच्या प्रतिमांवर पीएच.डी. करते आहे. तुमच्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाला २०१६ सालचे एक उदाहरण पुरेसे आहे. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठातले अँडर्स एकलुंड आणि त्यांचे सहकारी यांनी ४९९ निरोगी माणसांचे, ती नुसती स्वस्थ पडून असतानाचे एफएमआरआय स्कॅन, म्हणजे मेंदूचा कोणता भाग केव्हा काम करतो ते दाखवणारे स्कॅन, वापरायला घेतले. हे स्कॅन बीजिंग, केंब्रिज आणि औलू इथे पूर्वीच झालेले होते आणि सर्वांसाठी खुले होते. या माणसांचे त्यांनी वाटेल तसे गट पाडले आणि गटागटांत फरक सापडतो का ते पाहिले. सगळीच माणसे निरोगी आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत तसे पाडलेले, तेव्हा फरक सापडायला नको होता, निदान शंभरात पाच वेळांपेक्षा जास्त सापडायला नको होता. प्रत्यक्षात जगभर रोज वापरल्या जाणाऱ्या काही पद्धतींनी तो ७० टक्क्यांपर्यंत वेळा 'सापडत' होता.

या कामासाठी त्यांनी एकाही नव्या माणसाला यंत्रात झोपवले नाही, तरी संपूर्ण क्षेत्राला आपल्या पद्धती तपासून पाहाव्या लागल्या. ज्यांनी तो डेटा गोळा केला होता त्यांच्या मनात हा प्रश्न नव्हताच. डेटा खुला असल्यामुळे तो दुसऱ्या कुणाला तरी विचारता आला.

हे स्कॅन ज्या संचातून आले त्याचे नाव 'वन थाउजंड फंक्शनल कनेक्टोम्स'. डिसेंबर २००९ मध्ये ३५ केंद्रांनी मिळून चौदाशेहून अधिक माणसांचे स्कॅन एकदम खुले केले. त्याच मंडळींच्या पुढाकारातून २०१२ मध्ये 'अबाइड' हा स्वमग्नतेचा संच आला. त्यात १,११२ जणांचे स्कॅन आहेत, ५३९ स्वमग्न आणि ५७३ तुलनेसाठी.

रानवारा

वाचनखूण साठवली आहे. शेवंती, ४९९ जणांचे हे उदाहरण मला ठाऊक नव्हते, मनापासून आभार.

मध्यक

मी चाळीसेक वर्षे संख्याशास्त्र शिकवले. शेवंती यांनी दिलेले उदाहरण उत्तम आहे, पण त्याची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना सांगायला हवी. २०११ साली 'एडीएचडी-२००' नावाची एक खुली स्पर्धा झाली. अतिचंचल आणि अवधान टिकत नसलेल्या मुलांचे, तसेच तुलनेसाठी इतर मुलांचे, असे मिळून ७७६ जणांचे मेंदूचे स्कॅन स्पर्धकांना दिले गेले. त्यावरून गणिती प्रारूप बांधायचे आणि मग निदान झाकून ठेवलेल्या १९७ मुलांपैकी कोण कुठल्या गटातले ते ओळखायचे, असे तिचे स्वरूप होते.

सर्वांत अचूक उत्तर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या चमूचे आले, सुमारे साडेबासष्ट टक्के. या चमूने मेंदूची प्रतिमा वापरलीच नव्हती. मुलाचे वय, लिंग, तो डावखुरा की उजवा, बुद्ध्यंक आणि अशीच सोबतच्या तक्त्यातली माहिती एवढ्यावर त्यांनी ते उत्तर काढले. स्पर्धा प्रतिमांची असल्यामुळे विजेतेपद जॉन्स हॉपकिन्सच्या चमूला गेले आणि त्यांची अचूकता साडेसाठ टक्क्यांच्या आसपास होती.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. खुल्या संचात प्रतिमांच्या शेजारी जो साधा तक्ता असतो, त्यात वय असते, केंद्राचे नाव असते, यंत्र कोणत्या कंपनीचे तेही असते. एखाद्या केंद्राने रुग्ण जास्त तपासले आणि दुसऱ्याने निरोगी माणसे जास्त तपासली, तर संगणक आजार ओळखायला न शिकता यंत्र ओळखायला शिकतो, आणि विद्यार्थी मात्र ९० टक्के अचूकता आली म्हणून पेढे वाटतो. म्हणून माझा आग्रह असा की, प्रतिमा उघडण्याआधी एक संपूर्ण आठवडा त्या तक्त्यावर घालवावा.

तर्कट

मध्यक सर, तुमचा प्रतिसाद वाचून ज्येष्ठ सहकाऱ्यांचीच बाजू मला पटू लागली आहे. ज्याने माणसे जमवली, त्यांची समजूत काढली, यंत्रापाशी रात्री जागवल्या, त्याला डेटाची नस ठाऊक असते. दुरून फाइल उतरवून घेणाऱ्याला ती ठाऊक नसते. शिवाय कष्ट एकाचे आणि शोधनिबंध दुसऱ्याचा, याला आपल्याकडे आयत्या बिळावर नागोबा असे म्हणतात. जानेवारी २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या संपादकीयातही ही भीती मांडली गेली होती, आणि इतरांच्या डेटावर जगणाऱ्या संशोधकांना काही जण 'परजीवी' म्हणतात असा उल्लेख त्यात होता. त्यावर मोठा गदारोळ झाला, हे खरे. पण मूळ काळजी खोटी होती असे मला वाटत नाही.

कळसूबाई

तर्कट, ही काळजी जुनी आहे आणि तिला उत्तरे शोधण्यातच या क्षेत्राची पंचवीस वर्षे गेली आहेत. मी सिॲटलला राहते आणि संशोधनासाठी लागणाऱ्या संगणकप्रणाली लिहिते, त्यामुळे हा इतिहास मी थोडा जवळून वाचला आहे.

२००० सालच्या सुमारास अमेरिकेत डार्टमथला एफएमआरआय डेटाचे एक केंद्र सुरू झाले. 'जर्नल ऑफ कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स' या नियतकालिकाने आपल्या लेखकांना मूळ डेटा तिथे जमा करण्याची अट घातली. संशोधकांनी कडाडून विरोध केला आणि त्यांचे मुद्दे नेमके तुम्ही म्हणता तेच होते. दुसऱ्याला आपला डेटा कळणार नाही, तो चुकीचा वापरेल, आणि आमच्या आधी निबंध छापून मोकळा होईल. ते केंद्र पुढे फार काळ चालले नाही.

आमच्या शहरात वेगळा मार्ग निघाला. मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी २००३ मध्ये १० कोटी डॉलर देऊन ॲलन इन्स्टिट्यूट फॉर ब्रेन सायन्स उभी केली. उंदराच्या मेंदूत सुमारे २०,००० जनुकांपैकी कोणते कुठे कार्यरत असते याचा नकाशा त्यांनी २००६ मध्ये पूर्ण केला आणि तो पहिल्यापासून सर्वांना मोकळा ठेवला. तो बनवणाऱ्यांचे कामच नकाशा बनवणे हे होते, त्यामुळे स्वतःचे निबंध आधी छापायचे म्हणून डेटा दाबून ठेवण्याची कुणाला गरज पडली नाही. आज पृथ्वीच्या पाठीवरचा कोणताही विद्यार्थी तिथे जनुकाचे नाव लिहून मेंदूचे काप पाहू शकतो.

'नस ठाऊक असणे' हा मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि त्यावरचा इलाज २०१६ मध्ये आला. त्याला 'बिड्स' म्हणतात. डेटाच्या फाइलींना नावे कशी द्यायची आणि त्या कशा मांडायच्या याची ही सर्वसंमत शिस्त आहे. स्टॅनफर्डच्या रसेल पोल्ड्रॅक यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'ओपनन्यूरो' या खुल्या डेटा-भांडारातला कोणताही संच उघडा. प्रत्येक माणसाची एक फाइलपेटी असते, सब-०१, सब-०२ अशी. तिच्या आत 'ॲनॅट'मध्ये मेंदूची रचना आणि 'फंक'मध्ये त्याचे कार्य. प्रत्येक प्रतिमेला जोडून एक छोटी मजकूर-फाइल असते, आणि किती सेकंदांनी पुढचे चित्र घेतले, चुंबकाची ताकद किती, यंत्र कोणते, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. रात्री जागवणाऱ्या संशोधकाच्या डोक्यात जे असायचे, त्यातले पुष्कळसे आता या फाइलीत उतरते. तिथला डेटा सीसी-शून्य परवान्याने दिला जातो. कायद्याने श्रेय देण्याची सक्ती नसते, तरीही संच ज्यांनी जमवला त्यांचा संदर्भ प्रबंधात देणे ही विज्ञानातली रीत आहे आणि ती पाळलीच पाहिजे.

तर्कट

हे उत्तर मी स्वीकारतो. 'पुष्कळसे' हा शब्द तुम्ही प्रामाणिकपणे वापरलात, त्याबद्दल आभार.

क्षकिरण

मी पुण्यात क्ष-किरण विभागात काम करतो. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे अजून कुणी वळलेले नाही, म्हणून लिहितो.

डोक्याच्या एमआरआयमध्ये मेंदू तर येतोच, पण त्याबरोबर नाक, ओठ, डोळ्यांच्या खोबण्या आणि कानही येतात. त्या कापांवरून संगणकावर त्रिमितीय पृष्ठभाग उभा केला की समोर माणसाचा चेहरा दिसतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१९ मध्ये याची परीक्षा घेतली. ८४ स्वयंसेवकांचे एमआरआय आणि त्यांची छायाचित्रे चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीला दिली, तेव्हा तिने ७० जणांच्या बाबतीत स्कॅन आणि छायाचित्र यांची अचूक जोडी लावली. नाव पुसले म्हणजे ओळख पुसली, हा आमच्या व्यवसायातला समज तिथे संपला.

म्हणूनच आता खुल्या संचातल्या स्कॅनमधून चेहरा काढून टाकतात. तुमच्या विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा असे स्कॅन उघडले की ते दचकतील, कारण कपाळाखालचा भाग करवतीने तासल्यासारखा सपाट दिसतो. प्रतिमा खराब आली आहे असे समजू नये, ती काळजी मुद्दाम घेतलेली असते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ओळखीच्या रुग्णालयातून पेनड्राइव्हवर स्कॅन आणून त्यावर प्रबंध करण्याचा मोह कृपया टाळावा. रुग्णालयात स्कॅन ज्या डायकॉम फाइलीत साठवतात तिच्या शीर्षभागात रुग्णाचे नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, तपासणीची वेळ असे सगळे असते. नाव खोडले तरी बाकीचे राहते. त्या रुग्णाने उपचारासाठी स्कॅन काढलेले असते, संशोधनासाठी त्याने संमती दिलेली नसते.

प्राजक्त

मी संशोधक नाही. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे आणि तिची काळजी मी घेते. क्षकिरण, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आईचे स्कॅन पहिल्यांदा खिडकीपाशी उजेडात धरून डॉक्टरांनी मला दाखवले, तेव्हा त्यांनी कानाच्या आतल्या बाजूला असलेल्या एका जागेवर बोट ठेवले आणि इथे मेंदू आक्रसला आहे म्हणून सांगितले. ते त्यांना इतक्या खात्रीने कसे कळले, असे मी नंतर विचारले. तेव्हा त्यांनी 'ॲडनी' या अल्झायमरच्या अभ्यासाबद्दल सांगितले. अमेरिका आणि कॅनडात २००४ पासून शेकडो वृद्ध माणसे, काही निरोगी आणि काही विसरू लागलेली, ठरावीक काळाने पुनःपुन्हा तपासणीला येत राहिली. त्यांनी स्कॅन करून घेतले, काहींनी पाठीत सुई टोचून मणक्यातले पाणी दिले. तो सगळा डेटा अर्ज करणाऱ्या संशोधकांना कुठल्याही देशात लगेच मिळत गेला. अल्झायमर पहिली लक्षणे दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी मेंदूत सुरू झालेला असतो, हे समजण्यात त्या माणसांचा मोठा वाटा आहे, असे डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून मला सारखे वाटते की आईचे स्कॅन नुसते कपाटात राहू नये, कुणाच्या तरी उपयोगी पडावे. पण तिला आता विचारता येत नाही. तिच्या वतीने मी होकार देऊ शकते का? आणि उद्या माझा विमा काढताना आईच्या या माहितीचा आधार घेऊन कुणी मला नकार दिला तर काय करायचे?

कलम

प्राजक्तताई, मी वकिली करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर देतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची म्हणजे आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. जी व्यक्ती स्वतः संमती देऊ शकत नाही तिच्या वतीने कायद्याने मान्य प्रतिनिधीला संमती देता येते, मात्र तो अभ्यास नैतिकता समितीने मान्य केलेला असला पाहिजे. आईला समजेल तेवढे तिला सांगणे आणि तिने नकाराची खूण केली तर थांबणे, हेही त्याच भावनेला धरून आहे.

विम्याबाबतची तुमची भीती अनाठायी नाही. याच कारणासाठी सगळा डेटा एकाच दाराने दिला जात नाही. 'ओपनन्यूरो'चे दार सताड उघडे आहे. 'ॲडनी'ला अर्ज करावा लागतो, तुम्ही कोण आणि काय करणार हे सांगावे लागते, आणि कुणाचीही ओळख शोधणार नाही असे लिहून द्यावे लागते. ब्रिटनच्या यूके बायोबँकमध्ये पाच लाख माणसे आहेत आणि त्यांतल्या एक लाख जणांचे स्कॅन २०२५ मध्ये पूर्ण झाले, पण तिथे अर्जासोबत शुल्कही भरावे लागते. 'ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट'मध्ये सुमारे १,२०० तरुण माणसे असून त्यांत जुळी भावंडे पुष्कळ आहेत. जुळ्यांना ओळखणे सोपे, म्हणून कोण कुणाचे भावंड ही माहिती वेगळ्या कुलपात ठेवली आहे.

आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संशोधनाला सवलत देतो. पण त्या माहितीचा वापर करून त्याच व्यक्तीविषयी काही निर्णय घेतला जाणार नसेल तेव्हाच ती सवलत लागू होते, हे लक्षात ठेवावे.

आणि दार आज उघडे आहे म्हणून उद्याही असेलच, असे धरून चालू नये. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी आपल्या नियंत्रित डेटाचे दरवाजे चीन, रशिया, इराण अशा काही देशांतल्या संस्थांना बंद केले. भारत त्या यादीत नाही, पण दुसऱ्याच्या घरातल्या विहिरीवर किती विसंबायचे, याचा विचार आपण केला पाहिजे.

बोरीबंदर

कलम यांच्या शेवटच्या वाक्यावरून विचारतो. या सगळ्या संचांत भारतीय माणसांचे मेंदू किती आहेत?

शेवंती

फार थोडे, आणि त्याचा परिणाम रोजच्या कामात जाणवतो. दोन माणसांच्या मेंदूंची तुलना करायची तर दोन्ही एका सामाईक साच्यात बसवावे लागतात. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला तालाराख नकाशा साठीच्या एका फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवर आधारलेला होता. त्यानंतर माँट्रियलमध्ये १५२ तरुणांच्या स्कॅनची सरासरी काढून जो साचा बनला, तो आज जगभर वापरतात. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये ५० पुरुष आणि ५० स्त्रिया अशा शंभर निरोगी भारतीयांवरून आपला साचा तयार केला. तेव्हा त्याची लांबी, रुंदी, उंची पाश्चात्त्य साच्यापेक्षा कमी भरली. आक्रसलेला मेंदू कोणता हे ठरवताना तुम्ही कुणाशी तुलना करता, यावर उत्तर बदलू शकते, आणि म्हणून हे काम महत्त्वाचे आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने अल्झायमरसाठी 'स्वदेश' नावाचा भारतीय डेटासंच उभारला आहे.

सर्वांत अभिमानाची गोष्ट मात्र चेन्नईची आहे. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने डिसेंबर २०२४ मध्ये 'धरणी' हा संच खुला केला. गर्भावस्थेच्या मधल्या तीन महिन्यांतल्या पाच गर्भांच्या मेंदूंचे ५,१३२ काप, पेशी न् पेशी दिसेल इतक्या बारकाईने. ब्राउझरमध्ये तो काप उघडून चक्र फिरवत आत गेलात की पोकळीच्या काठाशी नुकत्या जन्मलेल्या चेतापेशींची दाट निळी किनार दिसते, आणि तिथून त्या बाहेरच्या थराकडे निघालेल्या दिसतात. चंद्रभागाताई, भ्रूणविज्ञान शिकवताना हे पडद्यावर दाखवा. यासाठी अर्ज नाही, शुल्क नाही, आणि हे आपल्या देशात झाले आहे.

तर्कट

एक पुस्ती जोडतो. हैदराबादच्या कामावर तेव्हा 'भारतीयांचा मेंदू लहान' असे मथळे छापून आले होते. साच्याच्या आकाराचा बुद्धीशी संबंध जोडायला त्या कामात कसलाही आधार नव्हता. विद्यार्थ्यांनी त्याचा संदर्भ देताना हे स्पष्ट लिहावे.

उंबरठा

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. 'ओपनन्यूरो'वर एक सुंदर संच आहे. 'द लिटल प्रिन्स' ही कथा यंत्रात झोपून ऐकणाऱ्या ११२ माणसांचे एफएमआरआय त्यात आहेत, इंग्रजी ऐकणारे ४९, चिनी ऐकणारे ३५ आणि फ्रेंच ऐकणारे २८. कथा एकच आणि भाषा तीन, त्यामुळे मेंदू भाषेचे काय करतो हे वेगळे काढून पाहता येते. त्यात मराठी नाही, कुठलीही भारतीय भाषा नाही. आपल्याकडचे मूल घरी मराठी, दूरदर्शनवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी ऐकत वाढते, आणि अशा मेंदूचा अभ्यास जगाला नक्कीच काही नवे सांगेल. मराठी कथा ऐकणाऱ्या माणसांचा असा संच आपल्या एखाद्या संस्थेने उभा करावा, असे मला मनापासून वाटते.

रानवारा

उंबरठा, कथा निवडायची वेळ आली तर पुन्हा असाच धागा काढू, आणि तो याहून लांब होईल.

मध्यक

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ या. विद्यार्थ्यांनी काय करावे?

बुद्धिमत्ता किंवा स्वभाव यांचा मेंदूच्या प्रतिमेशी संबंध शोधायला बसू नये. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये सुमारे ५०,००० माणसांच्या स्कॅनवर आधारलेला एक मोठा अभ्यास आला. असे संबंध इतके क्षीण असतात की ते भरवशाने पकडायला हजारो माणसे लागतात, असे त्यात दिसले, आणि या क्षेत्रातला नेहमीचा अभ्यास २५ माणसांच्या आसपासचा असतो.

ज्याचा परिणाम ठळक आहे असा प्रश्न घ्यावा. वय हा तसा प्रश्न आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 'ओॲसिस' संचात १८ ते ९६ वर्षांच्या ४१६ माणसांचे स्कॅन आहेत. साठीपुढच्या शंभर जणांना अगदी सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश आहे. प्रतिमा नको असतील तर मेंदूचे कवटीच्या मानाने आकारमान, वय, शिक्षण, स्मृतीच्या चाचणीचे गुण हे सारे एका तक्त्यात मिळते. वयानुसार आकारमान सरळ रेषेत घटते की उतारावर वेग घेते, आणि स्मृतिभ्रंश असलेली माणसे त्या रेषेच्या किती खाली पडतात, एवढा प्रश्न लघुप्रबंधाला पुरतो. ही सगळी माणसे उजव्या हाताची आहेत आणि एकाच केंद्रातली आहेत, हे मर्यादांच्या प्रकरणात लिहावे.

कळसूबाई

जुन्या संगणकांचा विचार करून दोन गोष्टी सुचवते. कच्चे एफएमआरआय उतरवू नका. एका माणसाच्या प्रक्रियेला काही तास लागतात आणि संगणकाची स्मृती अपुरी पडते.

त्यापेक्षा 'न्यूरोमॉर्फो' पाहा. जॉर्ज मेसन विद्यापीठाने २००६ मध्ये ते सुरू केले, आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी सूक्ष्मदर्शकाखाली गिरवलेल्या चेतापेशींचे आराखडे तिथे आहेत, किड्यापासून माणसापर्यंत. एक पेशी म्हणजे एक साधी मजकूर-फाइल, काही किलोबाइटची. प्रत्येक ओळीत सात आकडे असतात. बिंदूचा क्रमांक, तो पेशीकायेचा म्हणजे पेशीच्या धडाचा आहे की संदेश बाहेर नेणाऱ्या अक्षतंतूचा की संदेश घेणाऱ्या वृक्षिकेचा हे सांगणारा अंक, मग तीन सहनिर्देशक, त्रिज्या, आणि हा बिंदू आधीच्या कोणत्या बिंदूला जोडला आहे त्याचा क्रमांक. पहिल्या बिंदूच्या आधी कुणीच नसते, म्हणून तिथे उणे एक लिहितात. एवढ्यावरून पूर्ण झाड काढता येते, फांद्या मोजता येतात, त्यांची लांबी काढता येते. प्राणिशास्त्राच्या मुलांना हे आपले वाटेल.

सावधगिरी एवढीच की, मेंदूचा पातळ काप घेताना पुष्कळ फांद्या कापल्या जातात आणि ऊती वाळताना आक्रसते. दोन प्रयोगशाळांच्या पेशींत दिसलेला फरक प्राण्यातला असेल किंवा सुरीतला असेल. शक्यतो एकाच प्रयोगशाळेच्या पेशींची आपसात तुलना करावी.

चंद्रभागा

सर्वांचे किती आभार मानू? दोन विषय तर ठरले. एकजण 'ओॲसिस'चा तक्ता घेईल, एकजण उंदराच्या मेंदूतल्या दोन भागांतल्या चेतापेशींच्या फांद्या मोजेल. तिसऱ्या मुलाच्या धाकट्या भावाला अपस्मार आहे आणि त्याला झटक्यांवरच काम करायचे आहे. त्याच्यासाठी ईईजीचा एखादा संच आहे का? आणि आम्हाला नैतिकता समितीकडे जावे लागेल का?

कलम

समितीला एक अर्ज जरूर द्यावा. सार्वजनिक आणि ओळख न पटणाऱ्या डेटावरच्या कामाला तपासणीतून सूट मिळू शकते, पण ती सूट आपण स्वतःला द्यायची नसते, समितीने द्यायची असते.

शेवंती

ताई, त्याला 'फिजिओनेट' या वैद्यकीय नोंदींच्या खुल्या भांडारातला सीएचबी-एमआयटी संच द्या. बॉस्टनच्या बालरुग्णालयातल्या २२ रुग्णांचे, बहुतेक लहान मुलांचे, ईईजी त्यात आहे, सेकंदाला २५६ नोंदी, आणि बहुतेक फाइली एकेका तासाच्या. प्रत्येक रुग्णासोबत एक सारांश-फाइल असते आणि झटका कुठे सुरू झाला, कुठे संपला हे तिच्यात लिहिलेले असते. पहिल्या रुग्णाची तिसरी फाइल घ्या. झटका २९९६व्या सेकंदाला सुरू होतो आणि ३०३६व्या सेकंदाला संपतो. आधी झटका ओळखणारी कोणतीही प्रणाली न लिहिता त्याने ती चाळीस सेकंदे आणि त्याआधीची पाच मिनिटे डोळ्यांनी पाहावीत, जमल्यास जवळच्या एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञांबरोबर बसून.

नंतर प्रणाली लिहिताना एक नियम कटाक्षाने पाळायला सांगा. या संचावर झालेल्या कितीतरी कामांत एकाच मुलाच्या ईईजीचे तुकडे संगणकाला शिकवण्यासाठीही वापरतात आणि त्याच्या परीक्षेसाठीही. मग अचूकता ९९ टक्के दिसते, कारण संगणकाने त्या मुलाला ओळखलेले असते, झटक्याला नव्हे. ज्या मुलावर परीक्षा घ्यायची त्याचा एकही सेकंद शिकवताना वापरू नये. अचूकता एकदम खाली येईल. ती तशीच प्रबंधात लिहावी, आणि किती झटके हुकले व दिवसाला किती वेळा खोटी घंटा वाजली हे दोन आकडे वेगळे द्यावेत, कारण घरी रात्री मुलापाशी बसणाऱ्या माणसाला तेच दोन हवे असतात.

मध्यक

शेवंतींच्या शेवटच्या परिच्छेदाला माझे पूर्ण अनुमोदन. त्यात एकच भर घालतो. तिघांनीही आपला प्रश्न आणि तो तपासण्याची पद्धत डेटा उघडण्यापूर्वी दोन पानांत लिहून, तारीख घालून तुमच्याकडे जमा करावी, आणि संचाची कोणती आवृत्ती कोणत्या दिवशी उतरवली तेही नोंदवावे. ती दोन पाने तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आधीच वाचायला द्या. त्यांना प्रश्नात खोट दिसली तर ती त्याच वेळी कळलेली बरी.